हजेरीपटावरील नाव आणि संस्कृताचा तास

कोणत्याही नगरातील सरकारी शाळेच्या हजेरीपटावर कोणाकोणाची नावे चढली हे पाहिले असता त्या नगराच्या समाजस्थितीचा जो उलगडा होतो, तो राजवंशांच्या बखरींतून होत नाही.

१८५६ च्या जून महिन्यात बेळगावशेजारच्या धारवाड येथे एका महार मुलाने सरकारी शाळेत प्रवेश मागितला. नेहमीची फी भरण्यास तो सिद्ध होता. तरी त्यास नकार मिळाला. एकट्यासाठी इतर सर्वांचा रोष कसा पत्करावा, अशा आशयाने मुंबई सरकारने त्या नकाराची पाठराखण केली. हिंदुस्थान सरकारला ती रुचली नाही, आणि १८५८ साली कंपनीच्या संचालक मंडळाने सरकारी शाळा सर्व वर्गांस खुल्या असल्याचा निर्वाळा दिला. निर्वाळा स्पष्ट होता. परंतु दार उघडणे वेगळे आणि बाकावर बसू देणे वेगळे.

याचे प्रत्यंतर अर्धशतकानंतर मुंबईच्या एल्फिन्स्टन हायस्कुलात आले. ही शाळा सरकारी, नामांकित. इंदूरजवळील महू येथे १८९१ साली जन्मलेले भीमराव आंबेडकर तेथे विद्यार्थी होते. गणिताच्या तासाला शिक्षकांनी त्यांना फळ्याकडे बोलावताच, फळ्यामागे ठेवलेले आपले डबे विटाळतील म्हणून मुलांनी ते धावत जाऊन दूर केले, असे चरित्रकार धनंजय कीर यांनी नमूद केले आहे. पटावर नाव होते. पंगत मात्र निराळीच राहिली.

आम्हा संस्कृत पाठशाळेच्या मंडळींना याहून बोचणारी गोष्ट पुढची आहे. भीमरावांच्या वडील बंधूंना संस्कृत शिकावयाचे होते, पण संस्कृताच्या शिक्षकांनी त्यांना शिकविण्याचे साफ नाकारले. परिणामी दोघाही भावांना फारसी भाषा घ्यावी लागली. सरकारने सर्वांसाठी चालविलेल्या शाळेत, सरकारी वेतनावरील अध्यापकाने हे करावे! सोवळ्याचा हा प्रकार कोणत्या शास्त्रवचनाने समर्थनीय ठरेल, हे आम्हांस तरी उमगत नाही.

१९०७ साली भीमराव मॅट्रिक झाले. नंतर वडोद्याच्या सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीने त्यांचे पुढील शिक्षण झाले. संस्कृत त्यांनी पुढे स्वप्रयत्नाने साध्य केले. आणि १९४९ च्या सप्टेंबरात, घटना समितीत राजभाषेचा वाद चालू असता, संस्कृत ही संघराज्याची राजभाषा व्हावी या सूचनेच्या पुरस्कर्त्यांत त्यांचे नाव वृत्तपत्रांनी छापले.