रेशनकार्ड, दुधाची बाटली आणि बोहारीण

माझी भाची परवा फोनवर म्हणाली, "मावशी, तुमच्या वेळच्या काटकसरीवर एकदा सविस्तर लिही ना. आम्हाला मुलांना पर्यावरणपूरक सवयी लावायच्या आहेत. तुमच्याकडे तर ते सगळं आपोआपच होत होतं."

'आपोआप' हा शब्द काही डोक्यातून जाईना. पस्तीस वर्षं मुलांच्या निबंधातले शब्द तपासत बसल्याचा परिणाम, दुसरं काय! मंडळी, आपोआप काही होत नव्हतं. म्हणून आज सवयींची यादी न देता थोडा इतिहासच सांगते. सवयी त्यात सापडतील, ज्याने त्याने वेचून घ्याव्यात.

आमचं घर गिरगावात, चाळीतल्या दोन खोल्या, माणसं आठ. घरातली काटकसर हा आईचा स्वभाव आहे असं आम्ही भावंडं समजत होतो. पुढे इतिहास वाचायला लागले तेव्हा कळलं की आईचा स्वभाव बराचसा १९४३ साली तयार झाला होता. १९४२ मध्ये जपानने ब्रह्मदेश घेतला आणि तिकडून येणारा तांदूळ बंद झाला. मुंबईचं पोट मोठं आणि पिकवायला शेत नाही. मे १९४३ मध्ये मुंबईत रेशनिंग सुरू झालं. हिंदुस्थानातल्या मोठ्या शहरांत मुंबई याबाबतीत पहिली. ए. डी. गोरवाला या आय.सी.एस. अधिकाऱ्याने त्याची घडी बसवली. त्याच वर्षी बंगालमध्ये लाखो माणसं अन्नावाचून मेली, हे लक्षात घेतलं म्हणजे मुंबईच्या त्या रांगेची किंमत कळते. मध्यंतरी गांधीजींच्या आग्रहाने डिसेंबर १९४७ पासून नियंत्रणं उठायला लागली, भाव भडकले, आणि १९४८ मध्ये नियंत्रणं परत आली. आई नवी नवरी म्हणून आली ती या धामधुमीत. घर कसं चालवायचं हे तिला सासूने शिकवलं तेवढंच रेशनकार्डानेही शिकवलं.

आमच्या घराची मांडणीसुद्धा रेशनवर ठरत असे. माणशी किती मिळणार हे ठरलेलं, म्हणून डबेही ठरलेले. डालडाचे पिवळे डबे फडताळात ओळीने, मोठे रॉकेलचे डबे माळ्यावर. डालडा १९३७ साली बाजारात आला, आणि तुपाबद्दल लोकांनी त्याला कितीही नावं ठेवली तरी डब्याबद्दल कोणी तक्रार केल्याचं मला आठवत नाही! डाळी त्यात, पापड त्यात, फुटका झाला की गॅलरीत तुळस त्यात. आईने बाबांच्या जुन्या पँटच्या पिशव्या शिवल्या होत्या आणि प्रत्येकीवर दोऱ्याने एक अक्षर काढलं होतं. 'त' तांदळाचा, 'ग' गव्हाचा, 'सा' साखरेचा. मी शाळेत जायच्या आधी ही तीन अक्षरं ओळखत होते. रेशनचा तांदूळ आला की आधी चाळायचा, मग निवडायचा. कणी वेगळी, ती खिचडीला. साखर दिवाळीसाठी मागे टाकायची, एरवी चहात गूळ.

रॉकेल पुरवून वापरायचं म्हणून मागच्या गॅलरीत भुशाची शेगडी असे. ही आता फारशी कोणाला माहीत नसेल. एका डब्याला खाली बाजूला भोक पाडायचं, मधोमध एक बाटली उभी धरायची, भोकातून आडवी एक काठी त्या बाटलीपर्यंत सरकवायची, आणि भोवती लाकडाचा भुसा ठासून भरायचा. मग बाटली आणि काठी अलगद ओढून घ्यायची. जी पोकळी राहते ती म्हणजे धुराडं. खालून पेटवलं की भुसा तासन् तास मंद जळतो. सगळ्यांचं आंघोळीचं पाणी त्यावर तापे. भुसा वखारीतून अगदी स्वस्तात मिळायचा, कारण वखारवाल्याला तो कचराच. आज कुठल्याही प्रदर्शनात ही शेगडी ठेवली तर बक्षीस मिळेल. पण तिचा धूर आईच्या डोळ्यांत जायचा, हे प्रदर्शनात दिसणार नाही.

आता बाटलीबद्दल. काचेच्या, दुधाच्या. पूर्वी मुंबईत म्हशींचे तबेले भर वस्तीत होते. ते हलवून गोरेगावला १९४९ मध्ये आरे कॉलनी वसवली, त्यामागे दारा खुरोडी हे मुख्य. टोण्ड दूध ही कल्पनाही त्यांचीच. म्हशीच्या दुधात दुधाची पावडर आणि पाणी घालून तेच दूध जास्त मुखांना पुरवायचं, म्हणजे सरकारी पातळीवरची काटकसरच की! १९६३ साली त्यांना वर्गीज कुरियन आणि त्रिभुवनदास पटेल यांच्याबरोबर मॅगसेसे पुरस्कार मिळाला. कुरियन सर्वांना माहीत आहेत, खुरोडी मुंबईकरांनाही आठवत नाहीत. असो.

आरेचं दूध कार्डावर मिळे. पहाटे सेंटरवर रांग, हातात तारेचा स्टँड, त्यात रिकाम्या बाटल्यांची किणकिण. आदल्या दिवशीची बाटली दिली की आजची भरलेली मिळणार. बाटली स्वच्छ धुतलेली हवी, नाहीतर सेंटरवरची मुलगी सगळ्यांसमोर परत करायची. आमच्या घरी बाटली धुण्याचं काम माझ्याकडे होतं. झाकण चकचकीत अॅल्युमिनियमचं, तेही फेकायचं नाही, साठवून दिवाळीच्या कंदिलाला. आता विचार करा, एवढ्या मोठ्या शहरात रोज लाखो घरांत दूध येत होतं आणि त्यामागे कचरा जवळजवळ शून्य. आम्ही फार गुणी होतो का? छे! बाटली परत घेणारी खिडकी रोज सकाळी उघडत होती, म्हणून आम्ही ती धूत होतो. मला जे सांगायचंय ते एवढंच आहे. काटकसर घरात दिसते, पण तिचं अर्धं अंग घराबाहेर असतं.

हेच कपड्यांचं. आईची सुती नऊवारी चार वर्षं नेसून विरली की तिचं काय काय व्हायचं! बरा भाग काढून बाळंतिणीसाठी दुपटी, पाच-सहा साड्या जमल्या की गोधडी, गोधडी फाटली की पायपुसणं, आणि लहान तुकडे म्हणजे मसोता, दिव्याची काच पुसायचं फडकं. याच मऊ तुकड्यांवर घरातल्या बायका दर महिन्याचे चार दिवस काढत, ते फडकं सूर्यप्रकाशात उघड्यावर वाळवायचीही चोरी होती. जुन्या काटकसरीचे गोडवे गाणाऱ्या लेखांत हे वाक्य नसतं, म्हणून मुद्दाम लिहिते.

जे कपडे उरायचे ते बोहारणीला. दुपारी जेवणं आटोपली की चाळीत तिची हाक घुमायची, "भांडीय्येऽऽ". डोक्यावर पाटी, पाटीत चमकणारी भांडी, काखेत गाठोडं. यातल्या बऱ्याच जणी मूळच्या गुजरातकडच्या देवीपूजक समाजातल्या. ती नेलेले कपडे शिवून, धुऊन, इस्त्री करून पुन्हा विकायची व्यवस्था होती, आणि ज्याला नवा शर्ट परवडत नव्हता तो ते विकत घेत होता. आमच्या घरात स्टीलची पहिली परात आली ती बाबांच्या कोटाच्या बदल्यात. घासाघीस दीड तास! शेजारच्या चार बायका पंच म्हणून. त्याआधी सगळी भांडी पितळेची, आणि आंबट पदार्थ कळकू नये म्हणून वर्षातून एकदोनदा कल्हई. कल्हईवाला चाळीच्या अंगणात भाता लावायचा, नवसागराचा पांढरा धूर, आणि काळं पातेलं एका फडक्याच्या फटकाऱ्याने चांदीसारखं. आम्ही मुलं शाळा विसरायचो.

रद्दीवाला, बाटलीवाला, कोळशाच्या वखारवाला, छत्री दुरुस्त करणारा, चपला शिवणारा, गादी पिंजणारा... चाळीच्या जिन्यावरून दिवसभर ही माणसं वर-खाली करायची. वह्यांचं तर आम्हीच करत होतो. परीक्षा संपली की सगळ्या वह्यांची कोरी पानं काढून दाभणाने शिवायची, वर जुन्या कॅलेंडरचं कव्हर. शिक्षिका झाल्यावर अशी शिवलेली वही आणणारा मुलगा दिसला की मी त्याच्या घरची परिस्थिती ओळखायची आणि वहीच्या टापटिपीचे दोन मार्क मनातल्या मनात द्यायची.

पण ताणलं की तुटतं. १९६५ साली लाल बहादूर शास्त्रींनी सोमवारचं रात्रीचं जेवण सोडा म्हटलं, आम्ही सोडलं. त्यात एक अभिमान होता. त्यानंतर दुष्काळ, अमेरिकेहून पी. एल. ४८० खाली आलेला गहू आणि मिलो, म्हणजे ती लाल ज्वारी. भाकरी थापताना तुटायची, घशाखाली उतरायची नाही. आमच्या ताटात जमेल तेवढी पोळी, आणि मिलोची भाकरी आई खायची. ती शेवटी, एकटी, मोरीकडे पाठ करून जेवायची, त्यामुळे हे आम्हाला बऱ्याच उशिरा कळलं. घरखर्चात सगळ्यात आधी आणि सगळ्यात जास्त जे वाचवलं जात होतं ते आईचं ताट होतं.

१९७२ चा दुष्काळ आला तेव्हा मी कॉलेजात होते. गोडेतेल, साखर, रॉकेल, सगळ्याची बोंब. त्या वर्षी मुंबईत महागाई प्रतिकार संयुक्त महिला समिती उभी राहिली. मृणाल गोरे समाजवादी, अहिल्या रांगणेकर कम्युनिस्ट, एरवी एका व्यासपीठावर न येणाऱ्या बायका एकत्र आल्या आणि लाटणे मोर्चे निघाले. थाळ्या बडवत, लाटणी उंचावत हजारो गृहिणी रस्त्यावर. आमची आई, जिने कधी वाण्याशीसुद्धा आवाज चढवला नव्हता, ती शेजारच्या काकूंबरोबर लाटणं पदराखाली घेऊन गेली. परत आल्यावर तिने तेच लाटणं धुऊन पोळ्या केल्या. काटकसरीचा इतिहास लिहायचा तर तो या मोर्चाशिवाय लिहिता येणार नाही. पै-पैचा हिशोब ज्यांना पाठ होता, त्यांनाच पहिल्यांदा कळलं की आता यापुढे पुरवून पुरणार नाही.

पुढे दिवस पालटले. गॅस आला, मिक्सर आला, दुधाची बाटली जाऊन पिशवी आली. सेंटरवर रिकामं काही न्यायची गरज उरली नाही, हे आम्हाला केवढं सुख वाटलं होतं! गिरगावातली जागा अपुरी पडली, तसे आम्हीही अनेकांसारखे उपनगरात सरकत सरकत इकडे घोडबंदरला आलो. इथे एका बाजूला खाडी, एका बाजूला राष्ट्रीय उद्यानाचा डोंगर. सुरुवातीला पाण्याची ओढाताण होती, म्हणून तांदूळ-भाजी धुतलेलं पाणी झाडांना ही चाळीतली सवय इथे पुन्हा कामाला आली.

२६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि तुंबलेल्या गटारांतून आपल्या पिशव्या बाहेर आल्या. त्यानंतर २००६ च्या नियमांनी राज्यात पन्नास मायक्रॉनपेक्षा पातळ पिशव्या बंद केल्या. मग मार्च २०१८ ची मोठी प्लास्टिकबंदी. तिच्यात एक कलम वाचून मी खुर्चीत ताठ बसले. दुधाच्या पिशवीवर परतीची किंमत छापायची, किमान पन्नास पैसे, आणि रिकामी पिशवी परत घ्यायची. म्हणजे आरेची खिडकी पुन्हा उघडणार! मी महिनाभर पिशव्या धुऊन दोरीवर वाळवल्या आणि गठ्ठा घेऊन कोपऱ्यावरच्या दुधवाल्याकडे गेले. तो म्हणाला, "आजी, घेतो, पण पुढे नेणारा कोणी येत नाही, बघा." गठ्ठा भंगारवाल्याने नेला, वजनावर.

आमच्या सोसायटीच्या मीटिंगमध्ये दर वेळी कोणीतरी म्हणतं, "हल्लीच्या बायकांना कचरा वेगळा करायचा कंटाळा. पूर्वीच्या बायका बघा." तेव्हा मी हात वर करते. २०१६ च्या नियमांनी ओला, सुका आणि घातक असे तीन भाग करायला सांगितले होते, ते करायला आमच्या सुना तयार झाल्या. नोकरी करून, लोकल पकडून, रात्री नऊला घरी येऊन करतातही. मुद्दा पुढचा आहे. मीरा-भाईंदरचा कचरा उत्तनला धावगीच्या डोंगरावर जात आला, तिथे आगी लागत आल्या, आणि उत्तनची माणसं त्याविरुद्ध वर्षानुवर्षं भांडत आली. आपण तीन डबे ठेवले आणि खाली गाडीत ते एक झाले, तर दोष स्वयंपाकघराचा कसा? आणि हो, तीन डब्यांपैकी एक डबा पुरुषांनी सांभाळला तर गच्चीवरून आभाळ कोसळणार नाही.

भाचीसाठी एवढंच, की तुझ्या मुलांना कापडी पिशवी दे, उरलेल्या पानांची वही शिवायला शिकव, मी दाभण पाठवते. पण त्याबरोबर त्यांना वस्तू पुढे कोण घेतं तेही दाखव. भंगारवाल्याच्या दुकानात एकदा घेऊन जा. माझी आजवरची सर्वात चांगली सहल मी पाचवीच्या वर्गाला रद्दीच्या वखारीत नेली होती ती. मुलांनी प्रश्न विचारून मालकाला भंडावून सोडलं होतं.

बोहारीण मात्र अजून येते, आमच्या बाजूच्या गल्लीपर्यंत. गेल्या महिन्यात मी हाक मारली. तिने माझ्या सुनेच्या सिंथेटिक कपड्यांना हातही लावला नाही, "काकी, सुती आहे का?" माझ्या दोन सुती साड्या चाचपून बघितल्या आणि त्याबदल्यात प्लास्टिकचा निळा टब पुढे केला. मी म्हटलं, टब नको, स्टीलचं पातेलं दे. तिने पातेलं उचलून माझ्याकडे बघितलं, साड्यांकडे बघितलं आणि म्हणाली, "मग अजून दोन साड्या काढा."