उदरीय सेप्सिस आणि प्रतिकारशक्ती

उदरीय सेप्सिस : पोटाच्या पोकळीतील जंतुसंसर्गाला शरीराचा प्रतिसाद बेताल होऊन मूत्रपिंडे, फुप्फुसे, यकृत असे अवयव निकामी होऊ लागण्याची जीवघेणी अवस्था. तिची सुरुवात बहुधा एखाद्या भोकापासून होते : फुटलेले अपेंडिक्स, जठराचा किंवा ग्रहणीचा फुटलेला व्रण, शस्त्रक्रियेत जोडलेल्या आतड्याची गळती. भारतात विषमज्वराने आणि क्षयाने लहान आतड्याला पडणारी भोकेही यात येतात. रोगी वाचतो की दगावतो, हे जंतू कोणते व किती आहेत आणि भोक किती लवकर बंद झाले यावर अवलंबून असते. पण तितकेच ते त्याच्या प्रतिकारशक्तीच्या वागण्यावरही असते. २०१६ च्या आंतरराष्ट्रीय व्याख्येने म्हणूनच शरीराचा बेताल प्रतिसाद केंद्रस्थानी आणला.

पोटातील पहिला बचाव पर्युदर या पातळ आवरणाचा. श्वासागणिक पोटातील द्रव वर श्वासपटलाकडे ओढला जातो व तेथील सूक्ष्म छिद्रांतून लसीकावाहिन्यांत शिरतो. त्याबरोबर जंतूंचा निचरा होतो; मात्र याच वाटेने ते थोड्याच वेळात रक्तातही पोहोचतात. आवरणातील महाभक्षी पेशी जंतू गिळू लागतात आणि काही तासांत न्यूट्रोफिल पेशींची कुमक येते. आतड्यांवर पदरासारखी लोंबणारी चरबीची घडी, म्हणजे वपा, सुजलेल्या जागी जाऊन चिकटते. ब्रिटिश शल्यविशारद रदरफर्ड मॉरिसन यांनी तिला ‘पोटातला पोलीस’ म्हटले. पोट उघडल्यावर कधी अपेंडिक्सभोवती वपा आणि आतड्याची वेटोळी घट्ट चिकटलेली दिसतात, पू एका गोळ्यात अडकलेला असतो आणि बाकीचे पोट स्वच्छ असते. असा रोगी सहसा बरा होतो. लहान मुलांत वपा आखूड असल्याने हे कुंपण नीट पडत नाही व पू पोटभर पसरतो. कुंपण घालणाऱ्या फायब्रिनच्या जाळ्यालाही दुसरी बाजू आहे : त्यात अडकलेल्या जंतूंपर्यंत पांढऱ्या पेशी आणि प्रतिजैविके धड पोहोचत नाहीत, आणि गळू मागे राहते.

संसर्ग आवरला नाही की प्रतिसाद अंगभर पसरतो. ई. कोलाय, क्लेब्सिएला यांसारख्या जंतूंच्या कवचातील अंतर्विष पेशींवरील टीएलआर-४ या ग्राहकाला जाऊन भिडते. ब्रूस बॉयट्लर यांच्या गटाने १९९८ मध्ये हा दुवा दाखवला. २०११ च्या नोबेल पारितोषिकात त्यांचा वाटा होता. त्यानंतर टीएनएफ, इंटरल्युकिन-१ व ६ ही संदेशद्रव्ये स्रवतात, केशवाहिन्या झिरपू लागतात, रक्तदाब कोसळतो आणि सूक्ष्म वाहिन्यांत गुठळ्या होतात. मारक ठरतो तो हा प्रतिसादच, असे लुईस थॉमस यांनी १९७२ मध्येच मांडले होते. त्या विचाराने १९९० च्या दशकात टीएनएफ रोखणारी प्रतिद्रव्ये रोग्यांवर वापरून पाहिली गेली, पण अपेक्षित यश आले नाही. टीएलआर-४ अडवणारे एरिटोरन हे औषधही २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीत मृत्यू घटवू शकले नाही.

या अपयशाची चाहूल उंदरांवरील एका प्रयोगात आधीच लागली होती. उंदराच्या मोठ्या आतड्याचे बंद टोक बांधून त्याला सुईने भोक पाडले की माणसातल्यासारखा पर्युदरशोथ होतो. भोक लहान असेल तर बरेच उंदीर जगतात. पण १९९० मध्ये अशा उंदरांतील टीएनएफ निष्प्रभ केल्यावर ते मरू लागले. टीएनएफ रोखण्याचा फायदा दिसला होता तो मुख्यतः अंतर्विष किंवा जंतू थेट रक्तात सोडलेल्या प्राण्यांत. पोटात जिवंत जंतू वाढत असताना तेच टीएनएफ राखण करत होते. या विषयातील सर्वांत मोलाचा धडा या प्रयोगात आहे, आणि तो पुरेसा लवकर ऐकला गेला नाही.

पहिल्या धक्क्यातून वाचलेल्या रोग्याला वेगळाच धोका असतो. लिम्फोसाइट पेशी आत्मनाशाने मोठ्या प्रमाणात मरतात आणि मोनोसाइट पेशींवरील एचएलए-डीआर हा रेणू घटतो. सेप्सिसने दगावलेल्या रोग्यांच्या प्लीहेतील पेशी चेतवल्या तरी संदेशद्रव्ये फारच कमी स्रवतात, असे २०११ मध्ये दिसून आले. त्यामुळे अतिदक्षता विभागात दिवसेंदिवस पडून असलेल्या रोग्याच्या रक्तात कँडिडा बुरशी सापडते आणि सुप्त हर्पीस व सायटोमेगॅलो विषाणू जागे होतात. दाह आणि दुबळेपणा एकामागून एक येतात अशी पूर्वी समजूत होती. प्रत्यक्षात दोन्ही सुरुवातीपासून बरोबरच चालतात.

गांभीर्य मोजण्यासाठी मॅनहाइम निर्देशांक वापरतात. त्यात कमाल ४७ गुण असतात : विष्ठामिश्रित स्रावाला १२, अवयव निकामी झाल्यास ७, वय पन्नाशीपुढे असल्यास ५, चोवीस तासांहून अधिक विलंबाला ४ इत्यादी. प्रतिकारशक्तीची थेट मोजणी त्यात कुठेच नाही, आणि ही उणीव लहान नाही.

उपचारांचा पाया अजूनही भोक बंद करणे, पू काढणे आणि तातडीने प्रतिजैविके देणे हाच आहे. उगम नीट आवरल्यावर सुमारे चार दिवसांची प्रतिजैविके जवळपास दुप्पट काळाच्या उपचाराइतकीच पुरतात, असे २०१५ च्या चाचणीत आढळले. उरलेले काम शरीर स्वतः करते. इंटरल्युकिन-७ दिल्याने लिम्फोसाइटची संख्या वाढते, पण त्याने मृत्यू घटतात हे सिद्ध झालेले नाही. ब्रिटनमधील संशोधकांनी पांढऱ्या पेशींतील जनुकांच्या हालचालीवरून रोग्यांचे दोन गट पाडले. प्रतिकारशक्ती खचलेल्या गटात मृत्यू जास्त होते, आणि हे गट न्यूमोनियाइतकेच विष्ठाजन्य पर्युदरशोथातही दिसले. सेप्सिसच्या धक्क्यावरील एका चाचणीच्या २०१९ मधील फेरविश्लेषणात, प्रतिकारशक्ती शाबूत असलेल्या गटात हायड्रोकॉर्टिसोन हे स्टेरॉइड घेतलेल्यांचे मृत्यू जास्त निघाले.