श्वासाची राखण : एका विद्येच्या जन्माची कथा



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांच्या वर्गात बसण्याचे भाग्य मला लाभले. शरीरविज्ञानाचा पहिला तास ते एका साध्या प्रयोगाने सुरू करीत. शेजारी बसलेल्या मुलाचे श्वास एका मिनिटात किती होतात ते मोजायचे. मात्र त्याला कळू द्यायचे नाही. आपला श्वास कोणी मोजतो आहे हे कळले की माणूस निराळाच श्वास घेऊ लागतो, असे ते सांगत. पुढे मी स्वतः विज्ञानाचा शिक्षक झालो आणि तोच प्रयोग वर्षानुवर्षे करवून घेतला. त्यामागे केवढा इतिहास उभा आहे हे मात्र मला फार उशिरा उमगले.

काही दिवसांपूर्वी आपल्या शाळेची एक माजी विद्यार्थिनी घरी आली होती. तिने विचारले, "सर, श्वसनोपचाराच्या पदवीला प्रवेश घेऊ का? घरची माणसे म्हणतात, ज्यांना डॉक्टर होता येत नाही त्यांची ही वाट." मी तिला त्या वेळी चार शब्द सांगितले, पण ते उत्तर अपुरे होते. आजचे व्याख्यान हे त्या प्रश्नाचे सविस्तर उत्तर आहे, असे समजावे.

या कथेचा आरंभ आपल्या हैदराबादेतच करता येतो. मुसा नदीकाठच्या अफझलगंज रुग्णालयात आणि १८४६ मध्ये स्थापन झालेल्या येथील वैद्यकीय शाळेत एडवर्ड लॉरी नावाचे शस्त्रवैद्य काम करीत. त्या काळी शस्त्रक्रियेसाठी क्लोरोफॉर्म देत. पण अधूनमधून एखादा रुग्ण भुलीतच दगावे. आधी काय थांबते, हृदय की श्वास, हा वादाचा विषय होता. लॉरी यांचा आग्रह असा की, आधी श्वास थांबतो. म्हणून भूल देणाऱ्याने नाडीपेक्षा श्वासावर दृष्टी खिळवावी. १८८८ मध्ये निजाम मीर महबूब अली खान यांच्या आश्रयाने या प्रश्नाचा शोध घेणारे मंडळ नेमले गेले आणि जनावरांवर प्रयोग झाले. लंडनच्या 'लॅन्सेट' या नियतकालिकाने निष्कर्षांवर शंका घेतली, तेव्हा निजामाने १००० पौंड देऊ करून त्यांचाच प्रतिनिधी येथे बोलावला. थॉमस लॉडर ब्रंटन हे त्या काळचे नामांकित औषधशास्त्रज्ञ हैदराबादेस आले आणि १८८९ मध्ये दुसऱ्या मंडळाचे काम झाले. त्यानेही लॉरी यांचीच बाजू उचलून धरली.

या कामात सहभागी झालेल्या विद्यार्थ्यांमध्ये रूपाबाई फर्दूनजी होत्या. जगातील पहिली स्त्री भूलतज्ज्ञ म्हणून त्यांचा उल्लेख केला जातो. पुढे त्या शिक्षणासाठी एडिंबरोलाही जाऊन आल्या. श्वासाकडे लक्ष ठेवणे हे स्वतंत्र आणि जबाबदारीचे काम आहे, हे ज्या पिढीला प्रथम उमगले, त्या पिढीतील एक मुलगी आपल्या शहरात शिकली होती, ही गोष्ट येथील विद्यार्थिनींनी विसरू नये.

मात्र इतिहास सांगताना अभिमानापुढे सत्याला मान दिला पाहिजे. क्लोरोफॉर्मपासून हृदयाला धोका नाहीच, हा मंडळाचा निष्कर्ष चुकीचा होता. क्लोरोफॉर्मच्या हलक्या भुलीत हृदयाची लय एकाएकी बिघडून मृत्यू येऊ शकतो, हे १९११ मध्ये गुडमन लेव्ही यांनी दाखवून दिले. श्वासावर नजर ठेवा, हा हैदराबादचा उपदेश योग्यच होता. केवळ नजर पुरते, हा समज मात्र खोटा ठरला. १९०८ च्या मुसेच्या महापुरात ते रुग्णालय वाहून गेले.

नजरेला मोजमापाची आणि हाताची जोड कशी मिळाली, हे पाहण्यासाठी आपल्याला १९५२ च्या कोपनहेगनला जावे लागेल. त्या वर्षी डेन्मार्कच्या राजधानीत पोलिओची भयंकर साथ आली. श्वसनाचे स्नायू लुळे पडलेल्या रुग्णांसाठी ब्लेगडॅम रुग्णालयापाशी एक लोहफुफ्फुस आणि छातीवर बसवायची ६ यंत्रे, एवढीच सामग्री होती. पहिल्या काही आठवड्यांत यंत्रांवर ठेवलेल्या ३१ रुग्णांपैकी २७ दगावले. रुग्णांच्या रक्तात बायकार्बोनेट वाढलेले आढळे, आणि डॉक्टर त्याचा अर्थ रक्तातील अल्कली वाढली असा लावीत. प्रमुख वैद्य लासेन यांनी ब्यॉर्न इब्सेन या भूलतज्ज्ञास सल्ल्यासाठी बोलावले. इब्सेन म्हणाले, हा अल्कलीचा विकार नव्हे. श्वास अपुरा पडल्यामुळे कार्बन डायऑक्साइड आत साठत आहे. रुग्ण गुलाबी दिसत असला तरी आतून गुदमरत आहे.

२७ ऑगस्ट १९५२ रोजी त्यांनी एका १२ वर्षांच्या मुलीच्या श्वासनलिकेला छेद देववून त्यात नळी बसवली आणि रबरी पिशवी हाताने दाबून तिला श्वास दिला. मुलगी वाचली. पण साथीत असे रुग्ण कितीतरी होते आणि पिशवी दाबणारे हात रात्रंदिवस हवे होते. तेव्हा सुमारे १५०० वैद्यकीय विद्यार्थी पाळीपाळीने खाटांशेजारी बसले. त्यांनी मिळून सुमारे १,६५,००० तास लोकांना आपल्या हातांनी श्वास दिला. मृत्यूचे प्रमाण निम्म्याहूनही खाली आले. पुढील वर्षी इब्सेन यांनी कोपनहेगनमध्येच अतिदक्षता विभाग उभा केला. आजच्या तशा विभागांचा तो आद्य नमुना मानला जातो.

त्या विद्यार्थ्यांना थोडक्यात शिकवून कामाला बसवले होते. संकटकाळी दुसरा उपाय नव्हता. पण रोजचे रुग्णालय संकटकाळच्या उत्साहावर चालत नाही. त्यासाठी शिकलेली, परीक्षा दिलेली आणि उत्तरदायी माणसे लागतात. ही व्यवस्था अमेरिकेत आधीपासून आकार घेत होती. तेथे प्राणवायूची जड नळकांडी खाटेपर्यंत ढकलत नेणारे कामगार होते. शिकागोच्या मायकेल रीज रुग्णालयात डॉ. एडविन लेव्हिन यांनी १९४३ मध्ये अशा लोकांना शस्त्रक्रियेनंतरच्या रुग्णांची काळजी घेण्याचे शिक्षण देण्यास आरंभ केला. १९४६ मध्ये त्याच शहरात त्यांची संघटना जन्मली आणि १९६० मध्ये नोंदणीसाठी पहिली परीक्षा झाली. नळकांडी ढकलणाऱ्या कामगारापासून परीक्षा उत्तीर्ण झालेल्या श्वसनोपचारकापर्यंतचा हा प्रवास अवघ्या १७ वर्षांचा आहे. आणि त्यात त्या कामगारांच्या चिकाटीचाही वाटा आहे.

आता थोडे घरचे सांगतो. २०२१ च्या मे महिन्यात माझे धाकटे बंधू कोरोनाने आजारी पडून एका रुग्णालयात होते. यंत्र मिळाले, खाट मिळाली, प्राणवायूही मिळाला. एका रात्री यंत्राची घंटा वाजू लागली. ती का वाजते हे समजणारा एकच माणूस त्या इमारतीत होता आणि तो वरच्या मजल्यावर दुसऱ्या रुग्णापाशी होता. तेथील परिचारिका जिवापाड धडपडत होत्या, त्यांना दोष देण्याचे धाडस मी करणार नाही. बंधू वाचले नाहीत. तो माणूस वेळेवर आला असता तर ते वाचले असते, असे म्हणण्याचा अधिकार मला नाही. पण यंत्र विकत घेता येते आणि ते समजणारा माणूस घडवावा लागतो, हे मला त्या रात्री कळले.

त्याच वर्षी मार्च महिन्यात आपल्या देशात आरोग्याशी संलग्न व्यवसायांसाठी राष्ट्रीय आयोगाचा कायदा संमत झाला होता. संलग्न आरोग्य व्यावसायिकासाठी किमान २००० तासांचे आणि आरोग्यसेवा व्यावसायिकासाठी किमान ३६०० तासांचे शिक्षण त्या कायद्याने आवश्यक ठरवले. तास मोजण्याची ही कल्पना मला अर्थपूर्ण वाटते. कोपनहेगनच्या विद्यार्थ्यांचेही आपण तासच मोजतो.

या पदवीला बारावीत भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि जीवशास्त्र घेतलेल्यांना सामान्यतः प्रवेश मिळतो. वायूंचा दाब आणि आकारमान यांचा नियम कळल्याशिवाय श्वसनयंत्र कळत नाही; आम्ल-अल्कलीचा तोल कळल्याशिवाय धमनीतील रक्ताचा अहवाल वाचता येत नाही. इब्सेन यांनी जो अर्थ लावला, तो लावण्यास आजचा विद्यार्थी दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी शिकतो. श्वासनलिकेतील कफ काढणे, यंत्राचे आकडे ठरवणे, आणि सर्वांत अवघड म्हणजे रुग्णाला यंत्रापासून हळूहळू सोडवून पुन्हा स्वतःच्या श्वासावर आणणे, हे मात्र पुस्तकात नव्हे, खाटेशेजारीच शिकावे लागते. प्रवेशाच्या यादीत गुण लिहिलेले असतात; रात्री तीन वाजता जागे राहण्याची तयारी तीत लिहिलेली नसते. तिची परीक्षा ज्याची त्यानेच घ्यावयाची असते.

म्हणून त्या मुलीला आज मी सांगेन : बाळ, ज्यांना डॉक्टर होता आले नाही त्यांची ही वाट नव्हे. ही वाट रूपाबाईंनी चाललेली आहे, कोपनहेगनच्या मुलांनी आपल्या हातांनी रुंद केलेली आहे. अवश्य प्रवेश घे. मात्र त्याआधी आपल्या गुरुजींचा प्रयोग एकदा करून पाहा. शेजारच्याचे श्वास पुरते एक मिनिट मोज, आणि त्या मिनिटात तुझे चित्त दुसरीकडे गेले का, ते स्वतःशीच प्रामाणिकपणे तपास.