भांगेला परवाना, चिलमीला कोठडी

गांजा ओढणाऱ्याला गुन्हेगार ठरवू नये, असे कोणी म्हटले की उत्तर ठरलेले असते: कायद्याच्या धाकामुळे तरुण पिढी वाचली आहे, तो सैल केला की गल्लोगल्ली धूर निघेल. हा पूर्वपक्ष हसण्यावारी नेण्यासारखा नाही. कोवळ्या वयात नियमित गांजा ओढणाऱ्यांत मनोविकाराचा धोका वाढतो, हे वैद्यकशास्त्र सांगते. मुलाच्या दप्तरात पुडी सापडलेल्या आईची भीती खरी आहे. प्रश्न एवढाच की, त्या मुलाला पोलीस ठाण्याची पायरी चढायला लावल्याने ती भीती कमी होते का?

आधी धाकाचेच पाहू. अमली पदार्थांचा कायदा, म्हणजे ‘एनडीपीएस’, 1985चा. त्यानंतर 34 वर्षांनी, 2019 साली, केंद्राच्या सामाजिक न्याय मंत्रालयाने ‘एम्स’कडून करवून घेतलेल्या देशव्यापी पाहणीचा अहवाल आला. वर्षभरात भांग, गांजा किंवा चरस घेतलेले लोक सुमारे 3 कोटी 10 लाख निघाले. त्यांत गांजा-चरसवाले सुमारे 1 कोटी 30 लाख. देशातल्या सगळ्या तुरुंगांची मिळून क्षमता चार-साडेचार लाखांच्या घरात. म्हणजे हा कायदा सर्वांना लागू करणे सरकारने मनात आणले तरी शक्य नाही. तो लागतो तो हाताशी सापडेल त्याला. बंद फ्लॅटमधला सुटतो, फुटपाथवरचा सापडतो. ‘चोर सोडून संन्याशाला फाशी’ ही म्हण इथे शब्दशः खरी व्हायला वेळ लागत नाही.

दुसरा आक्षेप असा की, गांजा घातक आहे म्हणूनच कायदा कठोर आहे. पण कायद्याची व्याख्या वाचा. झाडाचे फुलोऱ्याचे शेंडे म्हणजे गांजा. शेंड्यांविना नुसती पाने त्या व्याख्येत बसत नाहीत. म्हणून भांग सुटली. वाराणसीत तिची सरकारी परवान्याची दुकाने आहेत. पानांना परवाना आणि त्याच झाडाच्या फुलांना कोठडी! गांजा पानांहून जहाल असतो, हे मान्य. पण जहालपणाचा फरक नियमांच्या कडकपणात दिसावा. एक गिऱ्हाईक आणि दुसरा आरोपी, इतका तो कसा ताणायचा?

याहून मोठी विसंगती 64-अ कलमात आहे. व्यसनी माणूस स्वतःहून उपचाराला तयार झाला आणि उपचार पुरे केले, तर सेवनाच्या किंवा अल्प प्रमाणाच्या गुन्ह्यातून त्याची सुटका होते. तरतूद चांगलीच आहे. पण मित्रांच्या नादाने एकदा झुरका मारलेला विद्यार्थी व्यसनी नाही, म्हणून ही वाट त्याला बंद. त्याच्यापुढे कलम 27: सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दहा हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. ज्याचा दोष कमी, त्याचीच वाट अरुंद!

आंतरराष्ट्रीय करारांनी हात बांधले आहेत, हा तिसरा आक्षेप. पोर्तुगाल त्याच करारांत आहे. तिथे 2001पासून दहा दिवस पुरेल इतका साठा जवळ बाळगणे हा फौजदारी गुन्हा नाही. प्रकरण न्यायालयाऐवजी समुपदेशन मंडळापुढे जाते. विक्री मात्र आजही गुन्हाच आहे.

इथे आमच्या बाजूच्या मित्रांचेही कान उपटले पाहिजेत. शंकर, साधू, होळी यांचे दाखले देऊन हा खटला जिंकता येत नाही. परंपरा बालविवाहाचीही होती. दाखला द्यायचाच तर 1893-94च्या भांग-गांजा आयोगाचा द्यावा. सुमारे बाराशे साक्षी नोंदवून त्याने सांगितले की, माफक सेवनाने सहसा हानी होत नाही, अतिरेकाने होते. सरसकट बंदीऐवजी नियंत्रण आणि कर बरा. थायलंडचे उदाहरणही जपून द्यावे. तिथे 2022 साली गांजा अमली पदार्थांच्या यादीतून काढला, पण विक्रीच्या नियमांचा पक्का कायदा मागून आला नाही. 2025मध्ये डॉक्टरच्या चिठ्ठीची अट घालावी लागली. बाजार उघडणे आणि सेवन करणाऱ्याला फौजदारीतून सोडवणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. इथे मागणी दुसऱ्या गोष्टीची आहे.

मग करायचे काय? 2001च्या दुरुस्तीने शिक्षेला प्रमाणाची फूटपट्टी लावली: गांजा एक किलोपर्यंत अल्प, वीस किलोंच्या वर व्यापारी. तीच फूटपट्टी आणखी पुढे न्यावी. स्वतःपुरता गांजा बाळगणे व ओढणे यांसाठीची कैद काढावी आणि तिच्या जागी दंड व समुपदेशन आणावे. अल्पवयीनांना विकणारा, नशेत गाडी हाकणारा आणि तस्कर यांना एका अक्षराचीही सूट नको. कायदा केंद्राचा आहे, तेव्हा ही दुरुस्ती संसदेने करावी. पोलिसाचा वेळ पुडीवाल्याच्या मागे न जाता पोतेवाल्याच्या मागे जाईल, आणि त्या आईला मुलासाठी वकील नव्हे, डॉक्टर शोधावा लागेल.