पीएचपीची मुळाक्षरे : सर्व्हरवर चालणाऱ्या भाषेची ओळख

ब्राउजरमध्ये दिसणारी पाने ढोबळमानाने दोन प्रकारची असतात. पहिल्या प्रकारचे पान एकदा लिहून सर्व्हरवर ठेवलेले असते आणि मागेल त्याला ते जसेच्या तसे मिळते. दुसऱ्या प्रकारचे पान मागणी आल्यानंतरच तयार होते. बँकेतील शिल्लक, परीक्षेचा निकाल किंवा वाचनालयात एखादे पुस्तक उपलब्ध आहे की नाही, हे दाखवणारे पान आधी लिहून ठेवता येत नाही. ते प्रत्येकासाठी नव्याने घडवावे लागते. हे काम करणारा प्रोग्रॅम सर्व्हरवर चालतो. असे प्रोग्रॅम लिहिण्यासाठी जगभर सर्वाधिक वापरल्या जाणाऱ्या भाषांपैकी पीएचपी ही एक होय.

पीएचपी शिकण्यास सोपी समजली जाते आणि ते खरेही आहे. थोड्याशा सरावाने चालणारे पान तयार होते. मात्र ‘चालणारे’ पान आणि ‘सुरक्षित’ पान यांत मोठे अंतर असते. ते ओलांडण्याचे नियम अवघड नाहीत, पण ते मुळाक्षरांबरोबरच शिकावे लागतात. ते नंतरसाठी ठेवले तर त्याची किंमत प्रोग्रॅम लिहिणाऱ्यापेक्षा त्या पानावर विश्वासाने आपली माहिती भरणाऱ्यांना अधिक मोजावी लागते.

उगम आणि वाटचाल

रासमुस लेरडॉर्फ या प्रोग्रॅमरने १९९४ मध्ये स्वतःच्या ऑनलाइन परिचयपत्राला किती जण भेट देतात हे पाहण्यासाठी सी भाषेत काही छोटे प्रोग्रॅम लिहिले. त्यांना ‘पर्सनल होम पेज टूल्स’ असे नाव होते. जून १९९५ मध्ये त्यांचा मूळ संकेत सर्वांसाठी खुला करण्यात आला. पुढे अँडी गटमन्स आणि झीव्ह सुरास्की या इस्रायलमधील दोन विद्यार्थ्यांनी त्याची नव्याने बांधणी केली आणि १९९८ मध्ये तिसरी आवृत्ती आली. त्या वेळी ‘पीएचपी : हायपरटेक्स्ट प्रीप्रोसेसर’ असा नावाचा नवा विस्तार करण्यात आला. २००० मध्ये चौथी, २००४ मध्ये पाचवी, २०१५ मध्ये सातवी आणि २०२० मध्ये आठवी आवृत्ती प्रसिद्ध झाली. सहावी आवृत्ती मात्र कधीच आली नाही, तिचे काम अर्धवट सोडून देण्यात आले.

ब्लॉग आणि संकेतस्थळे चालविणारी वर्डप्रेस ही प्रणाली पीएचपीत लिहिलेली आहे. मराठी विकिपीडिया ज्या मीडियाविकी प्रणालीवर चालतो, तीही पीएचपीतच आहे. २००४ मध्ये सुरू झालेल्या फेसबुकचा आरंभही याच भाषेतून झाला.

पान कसे तयार होते?

वाचक ब्राउजरमध्ये पत्ता टाइप करतो तेव्हा ब्राउजर सर्व्हरकडे मागणी पाठवतो. मागितलेली फाइल पीएचपीची असल्यास अपाची किंवा एनजिनएक्ससारखा वेब सर्व्हर ती वाचकाकडे थेट न पाठवता पीएचपीच्या इंटरप्रिटरकडे सोपवतो. फाइलमध्ये एचटीएमएल आणि पीएचपी असे दोन्ही प्रकारचे लेखन असू शकते. पीएचपीच्या आरंभ आणि समाप्तीच्या खुणांबाहेरचा भाग जसाच्या तसा पुढे जातो. खुणांच्या आतील आज्ञा मात्र पार पाडल्या जातात आणि त्यांचे फलित त्या जागी बसते. हे एकत्रित फलित वाचकाकडे पोहोचते.

या रचनेचा अर्थ नीट समजून घ्यायला हवा. वाचकाने ब्राउजरमध्ये पानाचा मूळ संकेत उघडून पाहिला तरी त्याला पीएचपीच्या आज्ञा दिसत नाहीत, फक्त त्यांचा परिणाम दिसतो. जावास्क्रिप्टचे नेमके उलटे आहे. ती सहसा वाचकाच्याच संगणकावर चालते. त्यामुळे तो ती वाचू शकतो, बदलू शकतो आणि बंदही करू शकतो. साहजिकच ज्या तपासण्यांवर खरोखर विसंबायचे, त्या सर्व्हरवरच करणे भाग असते.

सरावाची साधने

सरावासाठी सर्व्हर भाड्याने घ्यावा लागत नाही. झॅम्प या मोफत संचात अपाची, मारियाडीबी हा डेटाबेस आणि पीएचपी एकत्र मिळतात. तो घरच्या संगणकावर बसवता येतो. २०१२ मध्ये आलेल्या ५.४ या आवृत्तीपासून पीएचपीसोबतच एक छोटा वेब सर्व्हर येतो. पहिले धडे गिरवण्यास तोही पुरेसा आहे, मात्र प्रत्यक्ष संकेतस्थळासाठी तो वापरायचा नसतो. याखेरीज साधा मजकूर जतन करणारा कोणताही एडिटर चालतो. फाइल यूटीएफ-८ या पद्धतीत जतन करावी, म्हणजे मराठी मजकूर व्यवस्थित राहतो.

भाषेचे मूळ घटक

पीएचपीत प्रत्येक चलाच्या नावाआधी डॉलरचे चिन्ह येते आणि आज्ञेच्या शेवटी अर्धविराम द्यावा लागतो. चलाचे नाव देवनागरीत ठेवले तरी चालते. $नाव हे पीएचपीच्या दृष्टीने पूर्णपणे वैध आहे. तरीही इतरांना वाचता यावे यासाठी नावे रोमन लिपीत ठेवण्याचा प्रघात आहे. चलांच्या नावात लहान-मोठ्या लिपीचा भेद मानला जातो, फंक्शनच्या नावात तो मानला जात नाही.

पूर्णांक, अपूर्णांक, मजकूर, खरे-खोटे आणि ॲरे हे नेहमी लागणारे प्रकार होत. ॲरे ही पीएचपीची मोठी सोय आहे. क्रमाने मांडलेली यादी आणि नावाने शोधायच्या नोंदी ही दोन्ही कामे एकच ॲरे करतो. दोन मजकूर जोडण्यासाठी अधिकचे चिन्ह चालत नाही, त्यासाठी टिंब वापरतात. दुहेरी अवतरणचिन्हांत चलाचे नाव लिहिल्यास तेथे त्याची किंमत येते, एकेरी चिन्हांत मात्र नावच जसेच्या तसे उमटते. यापुढे अट तपासणारे ‘इफ’, ॲरेतील नोंदी एकामागून एक घेणारे ‘फॉरईच’ आणि वारंवार लागणारे काम एका नावाखाली बांधणारे फंक्शन एवढे समजले की बहुतेक साधी पाने लिहिता येतात.

येथे एका खाचखळग्याची नोंद घ्यावी लागते. एकच बरोबर-चिन्ह चलाला किंमत देते. दोन चिन्हे तुलना करतात, पण ती करताना प्रकार जुळवून घेतात. तीन चिन्हे किंमत आणि प्रकार दोन्ही तपासतात. सातव्या आवृत्तीपर्यंत शून्य आणि ‘मुंबई’ यांची दोन चिन्हांनी तुलना केली असता उत्तर ‘समान’ असे येई, कारण मजकुराचे रूपांतर शून्यात होत असे. आठव्या आवृत्तीने ही विसंगती दूर केली. तरीही ‘१’ आणि ‘०१’ हे इंग्रजी अंकांत लिहिलेले मजकूर दोन चिन्हांच्या तुलनेत आजही समान ठरतात. म्हणून तीन चिन्हे वापरण्याची सवय सुरुवातीपासून लावून घेणे हिताचे.

मराठी मजकुराची मोजणी

पीएचपीतील ‘स्ट्रलेन’ हे फंक्शन अक्षरे मोजत नाही, बाइट मोजते. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला ३ बाइट लागतात आणि काना, मात्रा, वेलांटी, हलन्त ही सारी स्वतंत्र चिन्हे धरली जातात. त्यामुळे ‘मराठी’ या शब्दाची लांबी १५ भरते. ‘ज्ञानेश्वर’ या नावाची लांबी ३० होते. नावाच्या रकान्याला २५ ची मर्यादा घालून ती या फंक्शनने तपासली, तर ज्ञानेश्वर नावाच्या माणसाला आपले पहिले नावही नोंदवता येणार नाही. ‘एमबी-स्ट्रलेन’ हे फंक्शन चिन्हे मोजते. त्याच्या हिशेबाने ‘मराठी’ची लांबी ५ येते. मराठी माणूस ज्याला अक्षर म्हणतो त्याप्रमाणे ३ हे उत्तर हवे असल्यास ‘ग्राफीम-स्ट्रलेन’ वापरावे लागते.

अंकांचेही तसेच आहे. ‘३००’ असे देवनागरीत लिहिलेले पीएचपी संख्या मानत नाही. त्याचे पूर्णांकात रूपांतर केले तर ० मिळते. मराठी कळफलकावरून रक्कम भरणाऱ्याची वर्गणी शून्य नोंदली जाऊ नये, यासाठी देवनागरी अंक आधी इंग्रजी अंकांत बदलून घ्यावे लागतात.

फॉर्म : खरी परीक्षा

एखाद्या सार्वजनिक वाचनालयाच्या सभासद नोंदणीचा फॉर्म हे सरावासाठी चांगले उदाहरण आहे. नाव, ई-मेल, वार्षिक वर्गणी आणि सूचना असे चार रकाने आहेत, असे समजू. फॉर्मची माहिती सर्व्हरकडे दोन मार्गांनी जाते. ‘गेट’ पद्धतीत ती पत्त्याच्या ओळीत दिसते. म्हणून ती शोध घेण्यासारख्या कामांसाठी योग्य ठरते. ‘पोस्ट’ पद्धतीत ती मागणीच्या आत जाते. नोंदणीसाठी हीच वापरावी. दोन्ही मार्गांनी आलेली माहिती पीएचपीत तयार ॲरेच्या रूपाने हाती येते.

इथपर्यंतचे काम सोपे आहे आणि पुष्कळ नवशिके इथेच थांबतात. वस्तुतः पुढील चार नियम पाळल्याखेरीज हा फॉर्म लोकांसमोर ठेवू नये.

पहिला नियम : बाहेरून आलेली प्रत्येक गोष्ट सर्व्हरवर तपासावी. फॉर्ममधील लपवलेल्या रकान्यात वर्गणीची रक्कम ठेवली तर थोडी माहिती असलेला कोणीही ती बदलून पाठवू शकतो. रक्कम सर्व्हरने स्वतःकडील नोंदीतूनच घ्यावी.

दुसरा नियम : डेटाबेसला द्यायची आज्ञा मजकूर जोडून तयार करू नये. वसई किंवा गोव्यातील डिसोझा आडनावाचा सभासद इंग्रजीत नाव लिहितो तेव्हा त्यात एकेरी अवतरणचिन्ह येते. नाव थेट आज्ञेत जोडले तर ते चिन्ह आज्ञेचाच भाग समजले जाते आणि नोंदणी अडते. प्रामाणिक सभासदाची येथे केवळ गैरसोय होते, पण हीच वाट माहीत असलेला लबाड माणूस त्या रकान्यात स्वतःची आज्ञा घुसवून सर्व सभासदांची यादी पळवू शकतो. या हल्ल्याला एसक्यूएल इंजेक्शन म्हणतात. त्यावरचा उपाय म्हणजे प्रिपेअर्ड स्टेटमेंट. यात आज्ञेचा साचा आधी ठरतो आणि माहिती वेगळी पाठवली जाते. २००५ पासून पीएचपीसोबत येणाऱ्या पीडीओ या साधनात ही सोय आहे.

तिसरा नियम : सभासदाने लिहिलेला मजकूर पानावर दाखवताना ‘एचटीएमएल-स्पेशल-चार्स’ या फंक्शनमधून काढावा. एरवी सूचनेच्या रकान्यात कोणी जावास्क्रिप्ट लिहिली, तर ती सूचना वाचणाऱ्या ग्रंथपालाच्या ब्राउजरमध्ये चालू लागेल.

चौथा नियम : सभासदांचे पासवर्ड आहेत तसे साठवू नयेत. २०१३ च्या ५.५ या आवृत्तीपासून ‘पासवर्ड-हॅश’ आणि ‘पासवर्ड-व्हेरिफाय’ ही फंक्शन उपलब्ध आहेत. पहिले पासवर्डवरून उलट न फिरवता येणारा ठसा तयार करते, दुसरे दिलेला पासवर्ड त्या ठशाशी जुळतो का ते सांगते. पुष्कळ लोक एकच पासवर्ड अनेक ठिकाणी वापरतात. त्यामुळे वाचनालयातून फुटलेला पासवर्ड सभासदाच्या ई-मेलचे दारही उघडू शकतो.

सर्व्हरची स्मरणशक्ती

एचटीटीपी या पद्धतीत प्रत्येक मागणी स्वतंत्र असते. एक पान दिल्यानंतर तोच वाचक पुन्हा आला आहे, हे सर्व्हरला आपोआप कळत नाही. ही उणीव ‘सेशन’ भरून काढते. सर्व्हर वाचकाला एक ओळखक्रमांक देतो, ब्राउजर तो कुकीत ठेवून प्रत्येक मागणीसोबत परत पाठवतो आणि बाकीची माहिती सर्व्हरवरच राहते. हा क्रमांक म्हणजे कपडे ठेवायला देताना मिळणाऱ्या बिल्ल्यासारखा आहे. बिल्ला ज्याच्या हाती, कपडे त्याचे. म्हणून सभासदाने लॉगिन केल्यावर ओळखक्रमांक बदलावा आणि संकेतस्थळ एचटीटीपीएसवरच चालवावे.

जुन्या धड्यांपासून सावध

पीएचपीचे धडे वीस-पंचवीस वर्षांपासून लिहिले जात आहेत आणि त्यांतील जुने धडेही सहज सापडतात. धडा कोणत्या काळातला आहे हे ओळखण्याच्या काही खुणा आहेत. ‘मायएसक्यूएल’ या नावाने सुरू होणारी, मागे आय नसलेली जुनी फंक्शन २०१५ च्या सातव्या आवृत्तीतून काढून टाकली आहेत. ती ज्या धड्यात असतील तो बाजूला ठेवावा. फॉर्मच्या रकान्यांचे आपोआप चल बनवणारी ‘रजिस्टर ग्लोबल्स’ ही सोय आणि अवतरणचिन्हांपुढे आपोआप खूण घालणारे ‘मॅजिक कोट्स’ २०१२ मध्येच रद्द झाले. दोन्ही सोयी शिकणाऱ्याचे श्रम वाचवण्यासाठी होत्या आणि दोन्हींनी संकेतस्थळे असुरक्षित करण्यास हातभार लावला.

आवृत्तीकडेही लक्ष असावे. प्रत्येक आवृत्तीला सुरक्षेच्या दुरुस्त्या ठरावीक काळापर्यंतच मिळतात. ७.४ या आवृत्तीच्या दुरुस्त्या नोव्हेंबर २०२२ मध्ये थांबल्या. जागा भाड्याने घेताना तेथे कोणती आवृत्ती आहे, हे आधी विचारून घ्यावे. प्रत्यक्ष संकेतस्थळावर चुकांचे संदेश वाचकांना दिसू देऊ नयेत, ते नोंदवहीच्या फाइलमध्ये जावेत. डेटाबेसचा पासवर्ड असलेली फाइल सार्वजनिक फोल्डरच्या बाहेर ठेवावी.

शिकण्याचा क्रम

एचटीएमएलची तोंडओळख, नंतर चल, अटी, ॲरे आणि फंक्शन, मग फॉर्म, डेटाबेस आणि सेशन हा क्रम सोयीचा पडतो. पीएचपीची अधिकृत माहितीपुस्तिका इंटरनेटवर मोफत उपलब्ध आहे. प्रत्येक फंक्शन कोणत्या आवृत्तीपासून आले आणि कोणत्या आवृत्तीत बदलले, हे त्यात दिलेले असते. हे सारे पचल्यानंतर लारावेल किंवा सिंफनीसारख्या तयार चौकटींकडे वळावे. त्यांत वरील नियमांपैकी बरेचसे अंतर्भूत असतात. ते कशासाठी आहेत हे ठाऊक असलेला माणूस ते चुकून मोडत नाही.

भारतात २०२३ मध्ये डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षणाचा कायदा संमत झाला. लोकांची माहिती गोळा करणाऱ्यावर ती सांभाळण्याची जबाबदारी त्यात टाकली आहे. वाचनालयाच्या छोट्या फॉर्मपासून मोठ्या व्यवहारापर्यंत ही जबाबदारी प्रत्यक्षात पार पडते ती प्रोग्रॅमच्या काही ओळींत. त्या ओळी लिहिण्याची सवय पहिल्याच फॉर्मपासून लागली, तर पीएचपीचा सोपेपणा वरदान ठरतो.