वाग्दत्त की विवाहित? : अमेरिकेच्या स्थलांतर कायद्यातील जोडीदार-व्हिसाच्या दोन मार्गांचा ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना

विवाह ही दोन कुटुंबांची खाजगी बाब मानली जाते. परंतु वधू व वर भिन्न देशांचे नागरिक असतील, तर विवाह कोठे आणि केव्हा करावयाचा हा निर्णय केवळ कुटुंबाच्या हाती राहत नाही. अमेरिकी नागरिकास परदेशी जोडीदाराला आपल्या देशात आणावयाचे असल्यास आज मुख्यतः दोन मार्ग उपलब्ध आहेत. पहिला मार्ग वाग्दत्त जोडीदाराचा, म्हणजे 'के-१' व्हिसाचा होय. त्यात जोडीदार अविवाहित अवस्थेत अमेरिकेत येतो, ९० दिवसांच्या आत अर्जदार नागरिकाशीच विवाह करतो आणि त्यानंतर कायम वास्तव्यासाठी अर्ज करतो. दुसरा मार्ग विवाहित जोडीदाराचा होय. त्यात विवाह आधी होतो, परदेशातील वकिलातीत स्थलांतरित व्हिसा मिळतो आणि अमेरिकेत प्रवेश करताच जोडीदार कायम रहिवासी ठरतो.

या दोन मार्गांची तुलना सामान्यतः लागणारा वेळ आणि खर्च यांच्या आधारे केली जाते. तथापि, हे मार्ग दांपत्यांना निवडीची सोय व्हावी म्हणून आखलेले नाहीत. ते वेगवेगळ्या काळात, वेगवेगळ्या राजकीय गरजांतून निर्माण झाले. त्यांचा इतिहास पाहता मार्गाची निवड म्हणजे प्रत्यक्षात अनिश्चिततेचा भार कोणी, कोठे आणि किती काळ वाहावयाचा याची निवड आहे, असे दिसून येते. प्रस्तुत निबंधात या विधानाची ऐतिहासिक तपासणी केली आहे.

पतीमागून चालणारे नागरिकत्व (१८५५-१९४०)

१८५५ च्या कायद्यान्वये अमेरिकी नागरिकाशी विवाह करणारी परदेशी स्त्री, ती स्वतः नागरिकत्वास पात्र असल्यास, विवाहानेच अमेरिकी नागरिक होत असे. या नियमाची दुसरी बाजू १९०७ च्या कायद्यात स्पष्ट झाली. परदेशी पुरुषाशी विवाह करणाऱ्या अमेरिकी स्त्रीचे नागरिकत्व त्या कायद्याने काढून घेतले. १९१५ मध्ये मॅकेन्झी विरुद्ध हेअर या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ही तरतूद वैध ठरवली. १९२२ च्या केबल कायद्याने पत्नीचे नागरिकत्व पतीपासून वेगळे केले. मात्र नागरिकत्वास अपात्र मानलेल्या, म्हणजे प्रामुख्याने आशियाई, पुरुषाशी विवाह करणारी अमेरिकी स्त्री १९३१ पर्यंत आपले नागरिकत्व गमावत राहिली. भगतसिंग थिंड खटल्याच्या १९२३ च्या निकालाने भारतीयांना या अपात्र वर्गात टाकल्यामुळे भारतीय पुरुषांशी विवाह करणाऱ्या अमेरिकी स्त्रियाही या तरतुदीच्या कक्षेत आल्या.

१९२४ च्या स्थलांतर कायद्याने अमेरिकी नागरिकाच्या पत्नीला कोट्याच्या बाहेर प्रवेश दिला. नागरिक स्त्रीच्या पतीला तो सरसकट दिला नाही. शिवाय नागरिकत्वास अपात्र असलेल्या वंशांच्या व्यक्तींना स्थलांतरित म्हणून प्रवेशच नाकारला. त्यामुळे या काळात 'मार्ग निवडणे' हा शब्दप्रयोगच निरर्थक होता. जोडीदाराचे लिंग आणि वंश कळले की उत्तर ठरलेले असे.

युद्धवधू आणि दोन मार्गांचा उगम (१९४५-१९४८)

दुसऱ्या महायुद्धात परदेशी गेलेल्या अमेरिकी सैनिकांनी मोठ्या संख्येने तेथील स्त्रियांशी विवाह केले. त्यांच्या पत्नी कोट्याच्या बाहेर असल्या तरी प्रवेशाच्या नेहमीच्या वैद्यकीय व कागदोपत्री अटी त्यांना लागू होत्या. २८ डिसेंबर १९४५ च्या युद्धवधू कायद्याने सैनिकांच्या जोडीदारांसाठी व अल्पवयीन अपत्यांसाठी या अटी तीन वर्षांपुरत्या शिथिल केल्या. 'एस. एस. अर्जेंटिना' हे युद्धवधूंचे पहिले जहाज २६ जानेवारी १९४६ रोजी साउथॅम्प्टनहून निघाले आणि ४ फेब्रुवारीला न्यूयॉर्कला पोहोचले.

परंतु ज्या सैनिकांचा विवाह ठरला होता पण झाला नव्हता, त्यांचे काय? या प्रश्नातून २९ जून १९४६ चा सैनिकांच्या वाग्दत्त जोडीदारांविषयीचा कायदा झाला. त्यानुसार वाग्दत्त वधू अथवा वर तात्पुरता अभ्यागत म्हणून तीन महिन्यांसाठी येऊ शकत असे. त्या मुदतीत विवाह झाला नाही, तर परत जाणे बंधनकारक होते. आजच्या 'के-१' व्हिसाचा मूळ सांगाडा येथे आढळतो : अल्प मुदत, ठरलेला जोडीदार आणि विवाह न झाल्यास परतीची सक्ती.

या उदारतेला वंशाची सीमा होती. जपानी पत्नी १९२४ च्या मनाईमुळे वगळल्या गेल्या. २२ जुलै १९४७ च्या दुरुस्तीने सैनिकांच्या जोडीदारांना वंशामुळे अडवू नये असे ठरले. पण त्यासाठी विवाह त्या तारखेपूर्वी किंवा त्यानंतर ३० दिवसांच्या आत झालेला असणे आवश्यक होते. एका महिन्याच्या मुदतीने असंख्य संभाव्य संसारांचे भवितव्य ठरवले.

एलेन नॉफ यांचा खटला (१९४८-१९५१)

विवाहित जोडीदाराचा मार्ग अधिक सुरक्षित असतो, या समजुतीची कसोटी एलेन नॉफ यांच्या प्रकरणात लागली. जर्मनीत जन्मलेल्या नॉफ यांनी युद्धकाळात इंग्लंडमध्ये हवाई दलाच्या सेवेत काम केले होते. पुढे जर्मनीत त्या अमेरिकी लष्करी प्रशासनात नोकरीस होत्या. १९४८ मध्ये माजी अमेरिकी सैनिकाशी विवाह करून त्याच वर्षी ऑगस्टमध्ये त्या न्यूयॉर्कला आल्या. तेथे गोपनीय माहितीच्या आधारे, कोणतीही सुनावणी न होता, त्यांना प्रवेश नाकारण्यात आला आणि एलिस बेटावर स्थानबद्ध करण्यात आले.

जानेवारी १९५० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ४ विरुद्ध ३ अशा मतांनी सरकारची बाजू ग्राह्य धरली. परदेशी व्यक्तीला प्रवेशाचा हक्क नसतो, आणि प्रवेश नाकारण्याच्या निर्णयाची न्यायालयीन तपासणी कायद्याने परवानगी दिल्याखेरीज होत नाही, असा त्या निकालाचा आशय होता. वृत्तपत्रे व संसद सदस्य यांच्या दबावानंतर अखेर सुनावणी झाली. पुरावा ऐकीव माहितीपलीकडे जात नसल्याचे अपील मंडळास आढळले आणि नोव्हेंबर १९५१ मध्ये त्यांना प्रवेश मिळाला. नॉफ सुटल्या, परंतु निकाल कायम राहिला. विवाह वैध आहे एवढ्यावरून प्रवेश मिळतोच असे नाही, हे तत्त्व त्यातून दृढ झाले.

तात्पुरत्या सवलतीपासून कायमच्या व्यवस्थेकडे (१९५२-१९७०)

१९५२ च्या कायद्याने नागरिकत्वावरील वांशिक मनाई रद्द केली आणि नागरिकाचा पती व नागरिकाची पत्नी यांतील भेद मिटवला. १९६५ च्या कायद्याने जोडीदारास 'निकट नातलग' या संख्यामर्यादेबाहेरील वर्गात स्थान दिले. वाग्दत्त जोडीदाराचा स्वतंत्र मार्ग मात्र १९४८ अखेर संपुष्टात आला होता. व्हिएतनाम युद्धाच्या काळात तीच अडचण पुन्हा उभी राहिली आणि ७ एप्रिल १९७० च्या कायद्याने 'के' व्हिसा निर्माण झाला. तो सैनिकांपुरता मर्यादित नव्हता. कोणत्याही अमेरिकी नागरिकास त्याचा लाभ घेता येत होता. याच कायद्याने कंपनीअंतर्गत बदलीचा 'एल' व्हिसाही अस्तित्वात आणला. पुढे पुणे-मुंबईच्या संगणक अभियंत्यांना परिचित झालेला हा व्हिसा आणि वाग्दत्त वधूचा व्हिसा ही एकाच विधेयकाची अपत्ये आहेत, ही बाब उल्लेखनीय आहे.

संशयाचे पर्व (१९८६ व नंतर)

१९८५ मधील संसदीय सुनावणीत स्थलांतर खात्याने जोडीदारांच्या सुमारे ३० टक्के अर्जांत फसवणुकीचा संशय असल्याचे सांगितले. या आकड्यास शास्त्रीय आधार नव्हता, हे नंतर न्यायालयीन प्रकरणात उघड झाले. तोपर्यंत १० नोव्हेंबर १९८६ चा विवाह-फसवणूक प्रतिबंधक कायदा अमलात आला होता. विवाहास दोन वर्षे पूर्ण झालेली नसतील, तर जोडीदारास प्रथम दोन वर्षांचे सशर्त वास्तव्य मिळेल आणि मुदतीअखेर पती-पत्नींनी संयुक्त अर्ज करावा, असे ठरले. वाग्दत्तांसाठी आणखी दोन अटी आल्या. अर्जापूर्वीच्या दोन वर्षांत उभयतांची प्रत्यक्ष भेट झालेली असावी. आणि अर्जदार सोडून अन्य कोणाशी विवाह करून तेथे कायम वास्तव्य मिळू नये.

संयुक्त अर्जाच्या अटीचा परिणाम गंभीर होता. नागरिक जोडीदाराची स्वाक्षरी हे घरातील सत्तेचे साधन बनले. पतीने मारहाण केली तरी वास्तव्य गमावण्याच्या भीतीने स्त्री घर सोडू शकत नसे. १९९० मध्ये पीडित जोडीदारास संयुक्त अर्जातून सूट मिळाली आणि १९९४ च्या महिला अत्याचारविरोधी कायद्याने स्वतः अर्ज करण्याचा हक्क दिला. जानेवारी २००६ मध्ये संमत झालेल्या विवाह-दलालविषयक कायद्याने वाग्दत्तासाठी अर्ज करणाऱ्या नागरिकाची हिंसाचाराची गुन्हेगारी पार्श्वभूमी परदेशी जोडीदारास कळवणे आवश्यक केले. संशयाचा रोख प्रथमच थोडासा नागरिकाकडेही वळला.

विवाहित जोडीदारांचा प्रतीक्षाकाळ कमी व्हावा म्हणून डिसेंबर २००० मध्ये 'के-३' हा मधला मार्ग काढण्यात आला. परंतु मूळ अर्ज मंजूर होऊन व्हिसा केंद्राकडे पोहोचला की 'के-३' चे प्रकरण बंद करण्याची पद्धत फेब्रुवारी २०१० पासून सुरू झाली आणि तो जवळजवळ नामशेष झाला.

भारतीय संदर्भ

महाराष्ट्रातील कुटुंबांच्या दृष्टीने या निवडीला वेगळे परिमाण आहे. वाग्दत्त मार्ग साखरपुडा आणि लग्न यांत स्पष्ट कायदेशीर अंतर गृहीत धरतो. हिंदू विवाह कायदा, १९५५ च्या कलम ७ नुसार जेथे सप्तपदी हा विधीचा भाग आहे, तेथे सातवे पाऊल पडताच विवाह पूर्ण होतो. नोंदणी नसल्याने तो अवैध ठरत नाही. त्यामुळे नोंदणी लांबवून धार्मिक विधी उरकणाऱ्या जोडप्याचा वाग्दत्त म्हणून केलेला अर्ज अडचणीत येऊ शकतो. उलटपक्षी, विवाहित मार्गासाठी नोंदणीचा दाखला लागतो. महाराष्ट्राचा १९९८ चा विवाह नोंदणीविषयक कायदा आणि सर्वोच्च न्यायालयाचा २००६ चा सीमा विरुद्ध अश्विनीकुमार हा निर्णय यांमुळे या दाखल्याला वाढते महत्त्व आले. प्रत्यक्ष भेटीच्या अटीतून, वडीलधाऱ्यांनी ठरवलेल्या विवाहात पूर्वभेट रूढीने निषिद्ध असल्यास सूट मिळू शकते. मात्र तशी रूढी काटेकोरपणे पाळली जाते, हे सिद्ध करण्याचा भार अर्जदारावर असतो.

आणखी दोन बाबी लक्षणीय आहेत. पूर्वविवाहातील अपत्य १८ वर्षांवरील परंतु २१ वर्षांखालील असेल, तर ते वाग्दत्त पालकासोबत येऊ शकते. सावत्र अपत्य म्हणून मात्र पालकांचा विवाह त्याच्या १८ व्या वर्षापूर्वी झालेला असावा लागतो. तसेच जून २०१३ च्या विंडसर निकालानंतर समलिंगी जोडप्यांना हे दोन्ही मार्ग खुले झाले. तथापि ऑक्टोबर २०२३ च्या सुप्रियो प्रकरणात भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने अशा विवाहास मान्यता देण्यास नकार दिल्याने भारतीय जोडीदार असलेल्या जोडप्यापुढे तिसऱ्या देशात विवाह करणे अथवा वाग्दत्त मार्ग स्वीकारणे हेच पर्याय उरतात.

निष्कर्ष

१. जोडीदार-व्हिसाचे दोन्ही मार्ग आजच्या स्वरूपात सैनिकांच्या गरजेतून आकारास आले. परदेशी जोडीदाराचा स्वतंत्र हक्क हा त्यांचा पाया कधीच नव्हता. त्यांचा पाया नागरिकास दिलेली सवलत हा आहे.

२. वाग्दत्त मार्गात विरहाचा काळ कमी होण्याची शक्यता असते. पण विवाहानंतर कायम वास्तव्य मिळेपर्यंतची अनिश्चितता, कामाचा व प्रवासाचा परवाना यांसह, नवागत जोडीदार परक्या देशात सोसतो. विवाहित मार्गात प्रतीक्षा स्वतःच्या घरी, आपल्या माणसांत होते आणि प्रवेशाबरोबर रहिवासाचा दर्जा मिळतो. वेळ आणि खर्च यांच्या तुलनेत हा फरक नजरेआड होतो.

३. कोणताही मार्ग प्रवेशाची हमी देत नाही. जून २०२४ च्या मुनोझ खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने जोडीदारास देशात प्रवेश मिळावा असा नागरिकाचा मूलभूत हक्क नाही, असा निर्णय दिला. त्यात नॉफ निकालाचा आधार घेण्यात आला. १९५० मध्ये परदेशी पत्नीला जे सांगितले गेले, तेच ७४ वर्षांनी नागरिक पत्नीलाही सांगितले गेले. विवाहाचा हक्क आणि विवाहित जोडीदारासह स्वदेशी राहण्याचा हक्क यांतील हे अंतर अद्याप बुजलेले नाही.