उपरोधाचे धनी आणि उपरोधाचे बळी

१

'आयरनी' या संज्ञेसाठी मराठी समीक्षेत 'उपरोध' हा प्रतिशब्द बऱ्यापैकी रूढ झाला आहे. मात्र या प्रतिशब्दाने एक सोय करून देताना एक गैरसोयही केली आहे. उपरोध म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे चटकन उभे राहते ते एखादे वाक्य : वरकरणी स्तुती करणारे, आतून बोचणारे. आपल्या परंपरेने ही समजूत पक्की केली, हेही स्वाभाविकच आहे. संस्कृत साहित्यशास्त्रातील व्याजस्तुती हा अलंकार आहे, विपरीतलक्षणा हा शब्दशक्तीचा एक व्यापार आहे. दोहोंचे क्षेत्र उक्ती हेच आहे. कुंतकाने वक्रोक्तीला काव्याचे जीवित म्हटले तेव्हा त्याने तिचा विस्तार वर्णापासून प्रबंधापर्यंत केला. पण त्याची वक्रता म्हणजे सर्वसाधारण काव्यात्म वैचित्र्य होय. आयरनीशी तिचे नाते जोडण्याचा मोह आवरलेलाच बरा.

अडचण अशी, की अभिजात साहित्यात ज्याला आपण आयरनी म्हणून ओळखतो तिचे मर्म क्वचितच एखाद्या वाक्यात असते. ते व्यक्तिरेखेत असते : ती काय जाणते, काय जाणत नाही, आणि तिच्या न जाणण्याची किंमत कोण मोजते यात. प्रस्तुत लेखात या संकल्पनेच्या इतिहासाचा मागोवा तीन-चार व्यक्तिरेखांच्या आधारे घ्यावयाचा आहे. इतिहासाकडे वळण्याचे कारण साधे आहे. ग्रीकांमध्ये या शब्दाचा जन्म झाला तोच मुळी एका व्यक्तीच्या वर्णनासाठी. अलंकाराचे नाव तो पुष्कळ नंतर झाला.

२

ग्रीक सुखात्मिकेत दोन माणसे समोरासमोर येतात. एक 'अलाझॉन', म्हणजे आपण आहोत त्याहून मोठे आहोत असा आव आणणारा; दुसरा 'आयरन', म्हणजे आपण आहोत त्याहून लहान आहोत असे भासवणारा. ॲरिस्टॉटलने आपल्या नीतिशास्त्रात सत्यशीलतेच्या दोन बाजूंना याच दोन वृत्ती मांडल्या आणि दुसरीचे उदाहरण म्हणून सॉक्रेटीसचा उल्लेख केला. त्याचा शिष्य थिओफ्रास्टस याने माणसांचे तीस नमुने रेखाटले, त्यांतला पहिलाच 'आयरन' आहे. हा गृहस्थ शत्रूच्या घरी जाऊन गप्पा मारतो, पाठीमागे ज्याची निंदा केली त्याची तोंडावर स्तुती करतो, कोणत्याही प्रश्नाला सरळ उत्तर देत नाही. आत्ताच आलो, अजून विचार चालू आहे, असे म्हणून वेळ मारून नेतो. थिओफ्रास्टसला तो मुळीच आवडत नाही. म्हणजे प्रारंभी हा शब्द जवळजवळ शिवी होता. प्लेटोच्या 'रिपब्लिक'मध्ये थ्रॅसिमॅकस संतापून सॉक्रेटीसवर हाच आरोप करतो : स्वतः उत्तर द्यायचे नाही म्हणून हा अज्ञानाचे सोंग घेतो.

पुढे रोमन वक्तृत्वशास्त्राने या शब्दाला सभ्य केले. क्विंटिलियनच्या विवेचनात, बोललेल्याच्या उलट अर्थ जिथे घ्यायचा असतो तो हा अलंकार, अशी व्यवस्था लागली. तरीही एखाद्या माणसाचे सबंध आयुष्यच अशा स्वरूपाचे असू शकते हे नमूद करताना त्यालाही सॉक्रेटीस आठवलाच. पण शाळेत शिकवायला अलंकार सोपा, आयुष्य कठीण. नंतरच्या शतकांत पाठ्यपुस्तकांनी अलंकार तेवढा ठेवला.

अठराव्या शतकाच्या अखेरीस फ्रीडरिख श्लेगेल आणि त्याचे जर्मन सहकारी यांनी या संज्ञेला पुन्हा तात्त्विक उंची दिली. परंतु आता 'आयरन' झाला तो लेखक, आपल्याच निर्मितीच्या वर उभा राहून तिच्याकडे पाहणारा. १८३३ साली कॉनॉप थर्लवॉल या इंग्रज अभ्यासकाने सोफोक्लीजच्या उपरोधावर निबंध लिहिला आणि नाट्यात्म उपरोधाची कल्पना इंग्रजी समीक्षेत स्थिरावली : पात्राला ठाऊक नाही, प्रेक्षकाला ठाऊक आहे. १८४१ मध्ये किर्केगार्दने सॉक्रेटीसला सतत समोर ठेवून याच संकल्पनेवर प्रबंध लिहिला आणि केवळ नकारातच रमणाऱ्या रोमँटिक उपरोधाविषयी तीव्र शंका व्यक्त केली.

या प्रवासात एक गोष्ट हळूच घडून गेली. जो मुळात एक माणूस होता तो आधी वाक्य झाला, मग परिस्थिती झाला, मग लेखकाची भूमिका झाला. व्यक्तिरेखेच्या वाट्याला उरले ते फक्त बळीचे स्थान. उपरोधाचा धनी लेखक, साक्षी वाचक आणि बळी पात्र, अशी ही वाटणी आपण आज जवळजवळ गृहीत धरतो. अभिजात कृती ती मानतात काय, हा खरा प्रश्न आहे.

३

या वाटणीला सर्वांत अनुकूल वाटणारे उदाहरण अर्थातच ईडिपसचे. थीब्जवर रोगराईचे संकट आहे; राजा लेअसच्या खुन्याला शोधून काढा असा देवाचा आदेश आहे. ईडिपस त्या अज्ञात खुन्याला शाप देतो, तो माझ्या घरात असला तरी शाप मलाच लागो असेही म्हणतो. आणि लेअससाठी मी स्वतःच्या बापासाठी लढावे तसा लढेन अशी ग्वाही देतो. अथेन्सच्या प्रेक्षकाला कथा ठाऊक होती. त्याच्या अंगावर काटा आला असेल तो या जाणण्यामुळेच.

पण हे नाटक केवळ दैवाने माणसाची केलेली थट्टा असते तर ते पहिल्या शंभर ओळींतच संपले असते. नाटकाच्या मध्यावर योकास्टाला सत्य उमगते, आणि ती नवऱ्याला विनवते की आता शोध थांबव. तो थांबत नाही. मेंढपाळ बोलायला कचरतो, तेव्हा त्याला धाक घालून ईडिपस बोलायला लावतो. स्फिंक्सचे कोडे ज्या बुद्धीने सोडवले तीच बुद्धी, प्रजेविषयीची जी कळकळ त्याला राजा म्हणून मोठे करते तीच कळकळ, त्याला विनाशाकडे नेते. उपरोध येथे दैवाच्या हाती नाही, ईडिपसच्या स्वभावात आहे. आणि शेवटी, जो प्रेक्षक सुरुवातीपासून 'जाणत' होता, त्याच्या जाणण्याची किंमत काय? त्याला माहिती फुकट मिळाली होती. ईडिपसने ज्ञान मिळवले ते डोळे देऊन. पडदा पडताना, म्हणजे ग्रीक रंगभूमीला पडदा नव्हता हे लक्षात घेऊन म्हणायचे तर गायकवृंद निघून जाताना, वरच्या आसनावर कोण बसले आहे हे सांगणे अवघड होते.

थर्लवॉलच्या निबंधातील एक मुद्दा या संदर्भात सहसा दुर्लक्षित राहतो. तो न्यायाधीशाचे उदाहरण घेतो : दोन पक्ष आपापली बाजू मांडत आहेत, दोघांच्या म्हणण्यात काही सत्य आहे, आणि न्यायाधीश दोघांचेही सारख्याच गांभीर्याने ऐकतो आहे. उपरोध त्या ऐकण्यात आहे, असे तो सुचवतो. पात्रापेक्षा अधिक जाणण्याच्या सुखाहून ही कल्पना कितीतरी प्रौढ आहे.

४

सर्व्हान्टिसने 'डॉन किहोटे'चा पहिला भाग १६०५ मध्ये प्रसिद्ध केला तेव्हा सरदारी कादंबऱ्या वाचून वेडावलेल्या एका ग्रामीण सद्‌गृहस्थाची फजिती, एवढाच त्याचा डौल होता असे मानायला जागा आहे. वाचक हसला. १६१४ मध्ये कोणा आव्हेलानेदा नावाच्या लेखकाने या कथेचा बनावट उत्तरार्ध काढला, आणि १६१५ मध्ये सर्व्हान्टिसचा खरा दुसरा भाग आला. या दुसऱ्या भागात एक विलक्षण गोष्ट घडते. डॉन किहोटेला रस्त्यात भेटणाऱ्या माणसांनी पहिला भाग वाचलेला आहे. वाचक आता कादंबरीत शिरला आहे.

या वाचकांचे प्रतिनिधी म्हणजे ड्यूक आणि डचेस. त्यांना या वेड्याची पूर्ण माहिती आहे, हाताशी पैसा आणि नोकरचाकर आहेत, आणि वेळ जात नाही. ते खोट्या राजकन्यांची दुःखे रचतात. डोळे बांधून डॉन किहोटे आणि सँचो यांना लाकडी घोड्यावर बसवतात आणि भात्यांनी वारा घालून आकाशप्रवासाचा भास निर्माण करतात. सँचोला एका गावाचा गव्हर्नर करून त्याची गंमत पाहतात. नाट्यात्म उपरोधाची सारी सामग्री येथे जय्यत आहे : पात्राला ठाऊक नाही, पाहणाऱ्याला ठाऊक आहे. फक्त सर्व्हान्टिस आपल्याला पाहणाऱ्यांकडेही पाहायला लावतो. सँचो गव्हर्नर म्हणून शहाणपणाने न्याय देतो. एका म्हाताऱ्याच्या काठीत लपवलेली सोन्याची नाणी तो नेमकी शोधून काढतो. थट्टेसाठी दिलेल्या अधिकाराचा तो थट्टा करणाऱ्यांहून चांगला वापर करतो, आणि पद सोडताना काही न घेता आपल्या गाढवाकडे परततो. पुढे कादंबरीतला कल्पित इतिहासकार सीद आमेते स्पष्टच म्हणतो की, दोन मूर्खांची चेष्टा करण्यासाठी एवढा खटाटोप करणारे स्वतः मूर्खपणापासून फार दूर नव्हते.

कादंबरीचा शेवट तर या वाटणीची पूर्ण उलटापालट करतो. मृत्युशय्येवर डॉन किहोटे शुद्धीवर येतो, आपले खरे नाव सांगतो, त्या साऱ्या पुस्तकांचा धिक्कार करतो. आयुष्यभर त्याला शहाणे करू पाहणारे मित्र आता गडबडतात; आणि ज्या सँचोने राक्षस नाहीत, पवनचक्क्या आहेत असे धन्याला बजावले होते, तोच रडत विनवतो की उठा, ठरल्याप्रमाणे मेंढपाळ होऊन रानात जाऊ. वेड्याला ज्ञान झाले आणि शहाण्यांना त्याच्या वेडाची किंमत कळली, ती एकाच क्षणी. येथे बळी कोण?

५

जेन ऑस्टिनची 'एमा' डिसेंबर १८१५ मध्ये बाजारात आली. तिच्यात ना शाप आहे ना पवनचक्क्या. एक सुखवस्तू, हुशार तरुणी इतरांची लग्ने जुळवण्याचा उद्योग करते आणि प्रत्येक वेळी चुकते. कथन तृतीयपुरुषी आहे, परंतु निवेदकाच्या वाक्यात एमाचाच स्वर मिसळलेला असतो. म्हणून आपण तिला हसतो तेव्हाही तिच्याच डोळ्यांनी पाहत असतो. प्रथम वाचनात फ्रँक चर्चिल आणि जेन फेअरफॅक्स यांचे गुपित ध्यानात न आलेला वाचक एमाएवढाच आंधळा ठरतो.

कादंबरीचा कणा बॉक्स हिलच्या सहलीत आहे. फ्रँक चर्चिल खेळ सुचवतो : प्रत्येकाने एक चतुर, दोन बेताच्या किंवा तीन अगदी कंटाळवाण्या गोष्टी सांगायच्या. गरीब, बडबड्या, कृतज्ञ मिस बेट्स म्हणते की, तीन कंटाळवाण्या गोष्टी मला सहज जमतील. त्यावर एमा म्हणते की, अडचण एवढीच, एका वेळी तीनच सांगायच्या आहेत. मिस बेट्सला क्षणभराने अर्थ उमगतो. ती रागावत नाही, नुसती लाल होते, आणि आपण फारच त्रासदायक होत असू असे पुटपुटते. नंतर नाइटली एमाला जे सुनावतो त्यात विनोदाची निंदा नाही. मिस बेट्स श्रीमंत असती तर हे चालले असते, असे तो म्हणतो. ती गरीब आहे, तिची स्थिती अधिकच खालावणार आहे, आणि तुझे पाहून इतरही तिच्याशी तसेच वागतील.

येथे उक्तीतला उपरोध आणि व्यक्तिरेखेतला उपरोध यांची प्रत्यक्ष टक्कर होते. एमाचे वाक्य अलंकारशास्त्राच्या कसोटीवर निर्दोष आहे. आणि आपण? मिस बेट्सच्या लांबलचक संभाषणांवर आपण अनेक प्रकरणे हसत आलो, कित्येकदा ती वगळूनही गेलो. आणि पुनर्वाचनात कळते की कथेच्या रहस्याचे धागेदोरे नेमके त्या बडबडीतच विखुरलेले होते. ऑस्टिनने आपल्याला एमाच्या बाजूला बसवले होते. नाइटलीचे बोलणे त्यामुळे आपल्यालाही लागते. डी. डब्ल्यू. हार्डिंग यांनी १९४० मध्ये ऑस्टिनच्या लेखनातील नियंत्रित द्वेषाकडे लक्ष वेधले, ते योग्यच होते. पण बॉक्स हिलवर ती त्या द्वेषाचा हिशेब स्वतःच मांडते, हेही विसरून चालणार नाही.

६

आता आपल्याकडे वळू. श्रीपाद कृष्ण कोल्हटकरांचा सुदामा रूढींचा कैवार घेतल्याचे सोंग करतो; वाचकाला उलटा अर्थ लावायचा असतो आणि तो सहज लागतो. हा थेट 'आयरन'च्या कुळातला, पण स्थिर अर्थाचा उपरोध आहे. सुदाम्यावर आपला जीव जडत नाही, कारण तो माणसापेक्षा युक्ती अधिक आहे. चि. वि. जोशींचा चिमणराव मात्र स्वतःची फजिती स्वतःच सांगतो आणि ती पुरती फजिती आहे हे त्याला कळलेच आहे असे नाही. त्यामुळे त्याच्यावर हसता हसता आपण त्याच्या बिऱ्हाडात राहायला जातो. मराठी विनोदाची सरणी अलंकाराकडून व्यक्तिरेखेकडे सरकली ती येथे.

परंतु या सर्वांआधी, १८९० ते १८९३ या काळात 'करमणूक'मधून हरि नारायण आपटे यांची 'पण लक्षात कोण घेतो!' क्रमशः येत होती. संमतिवयाचा कायदा १८९१ मधला. म्हणजे वाद पेटलेला असतानाच ही कादंबरी घराघरात वाचली जात होती. यमू आपली कहाणी स्वतः सांगते. बालपणीच्या प्रसंगांत तिचे अजाणपण आहे, आणि ते सांगणाऱ्या विधवेचे जाणतेपणही. नाट्यात्म उपरोधाची दोन्ही टोके एकाच व्यक्तिरेखेत आली आहेत : जिला ठाऊक नव्हते तीच आता जाणते, आणि सांगते. मग वाचकासाठी कोणते स्थान उरले? तो काळ, त्या चालीरीती, ते शंकरमामंजी, सारे त्याच्या परिचयाचेच होते. त्याला सर्व माहीत होते. त्याने लक्षात घेतले नव्हते. शीर्षकातील उद्‌गार हा या अंतरावर ठेवलेला बोट आहे. माहीत असणे आणि लक्षात घेणे यांतील अंतरावर उभा असलेला एवढा मोठा उपरोध मराठीत क्वचितच आढळेल. आणि त्यात उपरोधिक म्हणता येईल असे वाक्य शोधूनही सापडणे कठीण. आपल्या समीक्षेने आपट्यांचा करुण रस पाहिला, सुधारणावाद पाहिला. उपरोध पाहिला नाही, कारण ती तो वाक्यांत शोधत होती.

या धावत्या आढाव्यातून एक कसोटी हाती लागते असे वाटते. एखाद्या कृतीतील उपरोध जोखताना लेखक कोणाला हसतो आहे, हा प्रश्न पुरेसा नाही. पात्राच्या अज्ञानावर वाचकाला मिळालेला अधिकार अखेरपर्यंत त्याच्याकडेच राहतो की काढून घेतला जातो, हे पाहिले पाहिजे. जिथे तो शाबूत राहतो तिथे चांगली विडंबने निर्माण होतात. जिथे तो काढून घेतला जातो तिथे ईडिपस, डॉन किहोटे, एमा आणि यमू उभ्या राहतात. आणि शेवटचे पान उलटताना अज्ञान नेमके कोणाचे होते, या विचाराने आपणच थोडे लाल होतो.